मधल्या नवाचा मोठेपणा

धान घरी आले की आमच्या चामोर्शी भागात गावोगाव सप्ताह बसतात. चाळीस वर्षे मी त्या सप्ताहांतून कीर्तनाला उभा राहिलो. आता आवाज राहिला नाही. टाळकऱ्यांच्या ओळीत शेवटी बसतो. मध्ये उभा होतो तेव्हा मी मोठा होतो आणि कडेला बसलो म्हणून लहान झालो काय, हा प्रश्न मनातून जात नव्हता. त्याचे उत्तर एका संख्येने दिले.

नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे शाळामास्तर होते. १९०५ साली डहाणूला जन्मले, १९३० ते १९६२ मुलांना शिकवले आणि जन्मभर आकड्यांचा छंद केला. ६१७४ ही त्यांची संख्या जगभर ठाऊक आहे. डोंबिवली स्थानकाचे जुने नाव डेम्लो. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी तेच नाव दिले. त्यांतली ही एक: १२३४५६७८९८७६५४३२१.

नऊ वेळा एक लिहावा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणावे, की ही संख्या येते. एकापासून नवापर्यंत चढते आणि तशीच एकापर्यंत उतरते.

वाचकहो, हा गुणाकार पाटीवर मांडून पाहा. एकांच्या नऊ ओळी पडतात. प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करताना कडेच्या घरात एकच एक असतो, त्याच्या शेजारी दोन, आणि अगदी मधल्या घरात नऊही ओळींतला एकेक एक. साऱ्या मांडणीत नऊ हा आकडा कुठे नव्हताच! कडेचा एक आणि नवाच्या पोटातला एक, यांत तसूभरही फरक नाही.

आता आणखी एक एक वाढवा. दहा एकांच्या संख्येला तिनेच गुणले की मधल्या घरात दहा जमतात. ते त्या घरात मावत नाहीत. शून्य लिहावे लागते आणि हातचा शेजाऱ्याला द्यावा लागतो. शेजारी नऊ होते, हातचा मिळून दहा झाले. तेही शून्य होऊन हातचा पुढे देतात. पुढे आठ असतात, त्यांचे नऊ होतात आणि तिथे हातचा थांबतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१.

तरुणपणी लोक पाया पडत, तेव्हा ते सारे माझेच आहे असे मी धरून बसलो. मागे टाळकरी, मृदंगी, विणेकरी उभे होते आणि पुढे बाया-माणसे दिवसभराची मजुरी करून जागत होती. माझ्या घरात नऊ दिसले ते त्यांचे एकेक मिळून. न मावणारा मान मी पुढे द्यायला हवा होता. तो धरून ठेवला, ही चूक माझी.

परवा सप्ताहात एक पोरगा पहिल्यांदा कीर्तनाला उभा राहिला. मी कडेला टाळ धरून बसलो होतो. त्याच्या नवात माझा एक होता. तेवढा पुरे.

रामकृष्णहरी.