बारा गावचं पाणी

२०२५ च्या सप्टेंबरात न्यूकॅसलचा फुटबॉलपटू इसाक एकदाचा लिव्हरपूलचा झाला, साडेबारा कोटी पौंडांना. आमच्या सोसायटीतला लाल टी-शर्टवाला मुलगा मला जिन्यात थांबवून म्हणाला, "काका, शेवटी झालं ना त्याच्या मनासारखं!" झालं खरं. करार २०२८ पर्यंतचा होता आणि पठ्ठ्या उन्हाळाभर न्यूकॅसलच्या संघाबरोबर सरावाला उतरला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये वेम्बलीवर याच्याच गोलमुळे त्या गावाला सत्तर वर्षांनी देशातला मोठा चषक मिळाला होता. सामना संपायच्या आधी उठून जाणाऱ्यांचा मला राग आहे, हे या स्तंभाच्या वाचकांना ठाऊक आहे. कराराची तीन वर्षं शिल्लक असताना उठणाऱ्याचा किती येत असेल!

मी तसं बोलून दाखवलं, तर मुलाचं उत्तर तयार होतं. "काका, खेळाडूचं करिअर किती छोटं असतं!"

हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतोय. पहिल्यांदा ऐकलं ते निकोलस अनेल्कासाठी. १९९९ साली हा वीस वर्षांचा मुलगा आर्सेनलसाठी पुन्हा खेळणार नाही म्हणून अडून बसला. इंग्लिश वर्तमानपत्रं छळतात, हे एक कारण. भावांचा सल्ला, हे दुसरं. पण त्याची बाजू घेणारे सगळे छोट्या करिअरवरच येऊन थांबायचे. ते छोटं करिअर १९९६ ला पॅरिसमध्ये सुरू झालं आणि २०१५ ला नवी मुंबईत संपलं. पॅरिस सेंट जर्मेन, आर्सेनल, रेआल माद्रिद, पुन्हा पॅरिस, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, शांघाय, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम आणि आपली मुंबई सिटी. बारा गावचं पाणी प्यायला तो. एवढा काळ कितीजणांची नोकरी टिकते?

आणि छोटं असेल तर त्यातला एकेक दिवस मोलाचा, नाही का? माद्रिदला गेल्यावर काही महिन्यांतच त्याने सरावाला जायचं नाकारलं आणि क्लबने त्याला ४५ दिवस निलंबित केलं. परतल्यावर बायर्नविरुद्ध उपांत्य फेरीच्या दोन्ही सामन्यांत त्यानेच गोल केले आणि माद्रिद २००० साली युरोपचं विजेतं झालं. म्हणजे पायात काय होतं ते बघा! ते पाय त्याने स्वतःहून बसवून ठेवले होते. पुढे चेल्सीत तो चार वर्षं टिकला, आणि तिथेच २००८-०९ च्या मोसमात १९ गोल करून प्रीमियर लीगमध्ये सगळ्यांत पुढे राहिला. वेस्ट ब्रॉममध्ये मात्र बंदी आली, तेव्हा करार मोडल्याचं समाजमाध्यमावरच जाहीर करून मोकळा झाला.

वाशीच्या बाजार समितीत पोती वाहणाऱ्या माथाडीची पाठ चाळिशीतच बोलू लागते. त्याचं करिअर छोटं, असं कुणी म्हणत नाही. तो पहाटे गाडी लागायच्या आत हजर असतो. त्याची पाठ आणि स्ट्रायकरचा गुडघा यांत मला तरी फरक दिसत नाही.

क्लब बदलू नये, असं माझं म्हणणं नाही. हवे तितके बदलावेत. पण ज्या रंगाचा शर्ट अंगावर आहे, त्या रंगाच्या सरावाला जायचं. एवढंच.

तरी एक कबूल करायला हवं. सतरा वर्षांच्या अनेल्काला आर्सेनलने पॅरिसमधून पाच लाख पौंडांत उचललं, दोन कोटींहून जास्त किमतीला विकलं, आणि त्या पैशात थिएरी हेन्री आणला. निष्ठेचं दूध क्लबही पाजत नाहीत. २०२२ मध्ये न्यूकॅसलने इसाकला रेआल सोसिएदादकडून नेलं, तेव्हा सान सेबास्तियनमधल्या पोरांना काय वाटलं असेल, हे मीही विचारलं नव्हतं. मग आज न्यूकॅसलच्या पोरांसाठी इतका का चिडतोय? नीट सांगता येत नाही. चीड मात्र आहे.

अनेल्काला मी डी. वाय. पाटीलवर पाहिलंय, २०१४ मध्ये. पस्तिशीचा, जड झालेला, पण पायाखाली चेंडू आला की स्टेडियम श्वास धरायचं. माझ्या शेजारचे लोक ऐंशीव्या मिनिटालाच नेरूळची गाडी गाठायला उठले. मी उठलो नाही. पुढच्या वर्षी त्याला खेळता खेळता प्रशिक्षकही केलं, आणि त्या नोव्हेंबरात फातोर्ड्यावर एफसी गोवाने त्याच्या संघाला सात गोलांनी धुतलं. मला त्या रात्री त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सरावाला कोण आलं आणि कोण नाही, हे आता त्यालाच मोजायचं होतं.