धाप आणि मेहनत

शाळेच्या मैदानावर पोरं धावतात तेव्हा मी काठावर उभा राहून ओरडतो, "जोर लगाओ!" गेल्या हिवाळ्यात ३००० मीटरच्या शर्यतीत नववीतला एक मुलगा सावकाश, एका लयीत पळत होता. चेहऱ्यावर ताण नाही, धाप नाही. मला राग आला. "कामचोर!" मी चारचौघांत सुनावलं. तो लाजला, सुसाट सुटला आणि चार फेऱ्या उरल्या असताना पोट धरून खाली बसला. नंतर कळलं, महिनाभर तो पहाटे एकटाच सहा किलोमीटर धावत होता. दहा फेऱ्या जपून, शेवटच्या पाचांत सुटायचं, असा त्याचा हिशेब होता. तो मी मोडला.

मेहनत कशाने मोजायची? धापेने, की बेरजेने?

शरीराचा हिशेब मोठा गमतीदार आहे. ६० किलो वजनाचा माणूस १० किलोमीटर धावला की साधारण ६०० कॅलरी खर्च होतात. तो पाऊण तासात धावो की सव्वा तासात, खर्चात फारसा फरक नाही. फरक पडतो तो यातनेत. आणि आपण काठावरचे लोक नेमकी यातनाच पाहतो, तिलाच प्रामाणिकपणाची पावती समजतो.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना आठवड्याला १०० मैल पळवत, पण ऊर फुटणार नाही अशा बेताने. त्यांच्यात ८०० मीटर धावणारा पीटर स्नेलही होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण स्नेलने आणि ५००० मीटरचं मरे हॅलबर्गने एकाच दिवशी जिंकलं. दोघेही लिडियार्डचेच.

पण म्हणून जोराला खोटं ठरवता येत नाही. रॉजर बॅनिस्टर डॉक्टरकीचा विद्यार्थी. दुपारच्या सुट्टीत थोडंच, पण जीव तोडून धावायचा. १९५४ साली त्याने मैलाचं अंतर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत तोडलं. त्याला कमी मेहनती कोण म्हणेल? शिवाय 'जपून धावतोय' ही आळसाची सबबही असू शकते, हे शिक्षकाला सांगायला नको. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. ओळखायचं तर रोजची पहाट ठाऊक हवी, आणि मी पोहोचतो दहा वाजता.

त्या मुलाची मी माफी मागितली. "कोई बात नहीं, सर," म्हणाला. शिक्षकखोलीच्या दाराशी, हळू आवाजात मागितली. आसपास कोणी नव्हतं, हे आधी पाहून घेतलं होतं.