बंदिश कोणाची?

दिल्लीच्या हिवाळ्यात रविवारची दुपार म्हणजे आम्हा सरकारी वसाहतीतल्या मराठी माणसांची आठवड्यातली एकमेव सुखाची घटका. गच्चीवर उन्हात सतरंजी पसरावी, तानपुरा लावावा आणि जमेल तसे गावे, असा आमच्या मंडळींचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. आमच्यात गवई म्हणावा असा कोणीच नाही. कोणी लेखापरीक्षणात आहे, कोणी टपालात, आणि मी एका मंत्रालयात टिपणे लिहितो. तथापि आमच्यापैकी चौघापाचांना बंदिशी बांधण्याचा नाद आहे. नवी बंदिश सुचली की ती प्रथम या सतरंजीवर म्हणावयाची. तिची वाखाणणी आणि तिची चिरफाड, दोन्ही तेथेच व्हावयाची.

दोन वर्षांपूर्वी मी बागेश्रीतली एक मध्यलयीची बंदिश तेथे गायिलो. मंडळींना ती आवडली. कोणीतरी ती फोनवर मुद्रित करून घेतली, कोणी आपल्या स्नेह्यांना धाडली. पुढे काही महिन्यांनी शहरातल्या एका कार्यक्रमात एका गायकाने तीच बंदिश म्हटली. शब्द थोडे पालटले होते, अंतऱ्याची उठावणीही किंचित निराळी होती; परंतु स्वतःचे मूल दुसऱ्याच्या कपड्यांत असले तरी ओळखू येतेच. गाण्यापूर्वी गायक म्हणाला, ‘एक पारंपरिक चीज सादर करतो.’ तो शब्द मला फार लागला. ज्या रचनेचा कर्ता तिसऱ्या रांगेत बसला होता ती पारंपरिक कशी? त्या रात्री मी मनाशी ठरविले की यापुढे नवे काही कोणाला ऐकवावयाचे नाही.

हा निश्चय वर्षभर टिकला. तो मोडला तो एका वहीमुळे.

आमच्या मंडळींत एक वयोवृद्ध निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी आयुष्यात बऱ्याच बंदिशी रचल्या होत्या, परंतु आपली चीज कोणी उचलील या धास्तीने ते त्या क्वचितच पूर्ण म्हणत. ते निवर्तल्यावर त्यांची कन्या त्यांची वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘बाबांचे एखादे तरी गाणे मला ऐकवा.’ आम्ही वही उघडली. शब्द होते, त्यांखाली स्वरही होते; परंतु समेची फुली, खालीचे शून्य, टाळ्यांचे आकडे, विभागांच्या उभ्या रेघा यांपैकी एकही खूण नव्हती. वही कोणाच्या हाती पडली तरी चीज हाती लागू नये, म्हणून त्यांनी ती बुद्ध्याच वगळली असावी. दोन रविवार आम्ही झटलो, आणि एकही बंदिश खात्रीने उभी करू शकलो नाही. त्या मुलीला आम्ही रिकाम्या हाती परत पाठविले. चोराच्या भयाने घराला दारच ठेवले नाही, आणि मग घरच्यांनाही आत जाता आले नाही, तशातला हा प्रकार.

तेव्हापासून प्रश्न मनात घोळत राहिला: बंदिश कोणाची असते?

राग कोणाचाच नाही. बागेश्रीत मंद्रातल्या धैवत-निषादावरून षड्जाला येऊन मध्यमावर जावे, ही वाट माझी नव्हे. ती बागेश्रीचीच आहे. तीनताल माझा नाही. व्रजभाषेतले शब्दही शेकडो चिजांतून झिजून आलेले. मग माझे काय उरले? एक जुळणी: कोणते अक्षर कोणत्या मात्रेवर पडावे, समेवर कसे यावे, एवढीच. ती लहान आहे, पण ती माझी आहे. मात्र रागाच्या भरात मी माझ्या त्याच बंदिशीची कसून तपासणी केली, तेव्हा आढळले की अंतऱ्यातली जी चढण मी माझी म्हणून मिरवीत होतो, ती लहानपणी गुरुजींनी शिकविलेल्या एका चिजेतून अलगद आली होती. मी ती चोरली नव्हती. ती माझ्यात मुरली होती. परंतु त्या ऋणाचा उच्चार मीही कोठे केला होता?

आपल्या संगीतात नक्कल हे पाप नव्हे. ती विद्येची पहिली पायरी आहे. गुरूच्या गळ्यातले शिष्याने आपल्या गळ्यात उतरवावयाचे, याखेरीज शिकण्याचा अन्य मार्ग नाही. कुमार गंधर्वांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. बालपणी थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ते हुबेहूब गाऊन दाखवीत. तेच पुढे देवासला राहून स्वतःच्या बंदिशी रचू लागले, आणि १९६५ साली त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह निघाला. नक्कल करणारा उपजतच भुरटा असता तर हे घडते ना. आणि पंडित विष्णू नारायण भातखंडे? ते व्यवसायाने वकील. अनेक उस्तादांच्या तोंडच्या, घराण्याची ठेव म्हणून राखलेल्या चिजा त्यांनी मिळविल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत सर्वांस खुल्या केल्या. त्या उस्तादांचे भय खोटे नव्हते. चीज हीच त्यांची मिळकत होती. परंतु आज त्यांतल्या कित्येक चिजा जिवंत आहेत त्या दिल्यामुळे, झाकल्यामुळे नव्हे.

मग आपली तक्रार नेमकी कशाची? येथे कायद्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या मूळ व्याख्येप्रमाणे संगीतकृती छापलेली, लिहिलेली वा चिन्हांकित केलेली असणे आवश्यक होते. म्हणजे केवळ गळ्यात असलेली बंदिश कायद्याच्या दृष्टीने संगीतकृती नव्हतीच. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. मात्र शब्द हे संगीतकृतीत मोडत नाहीत. त्यांचा हक्क साहित्यकृती म्हणून वेगळा. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क चालतो, आणि त्याकरिता नोंदणीची सक्ती नाही. परंतु मला मोलाचे वाटते ते कलम ५७. कर्त्याने आपला हक्क दुसऱ्यास पूर्णपणे देऊन टाकला तरी ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार त्या कलमाने शाबूत ठेवला आहे. वस्तू देता येते, कर्तृत्व देता येत नाही, हा विवेक कायद्यालाही सुचला आहे.

तथापि कर्तृत्व सिद्ध करणे किती अवघड, हे २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयात दिसून आले. उस्ताद वासिफुद्दीन डागर यांनी असा दावा केला होता की, २०२३ च्या ‘पोन्नियिन सेल्वन २’ या चित्रपटातले, ए. आर. रहमान यांच्या नावावरचे एक गीत, त्यांचे वडील व चुलते यांनी रचलेल्या ‘शिवस्तुती’वरून घेतलेले आहे. एप्रिलमध्ये एका न्यायमूर्तींनी अंतरिम आदेश डागरांच्या बाजूने दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. एखाद्याने रचना गायिली एवढ्यावरून तो तिचा कर्ता ठरत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. ज्या परंपरेत गाणे हेच जतन, तेथे गाणारा कोण आणि रचणारा कोण, हे पुढे कोणी व कसे सांगावे?

पूर्वसूरींनी यावर एक सुंदर उपाय योजला होता: नाममुद्रा. सदारंगाने आपले नाव बंदिशीतच विणून ठेवले. भातखंडे ‘चतुर’ झाले, फैयाजखाँ ‘प्रेमपिया’, रातंजनकर ‘सुजान’. कागद हरवला तरी चीज स्वतःच आपला पिता सांगते. गंमत अशी की सदारंगाची मुद्रा असलेल्या सर्वच चिजा त्याच्या असतील असे जाणकार मानीत नाहीत. पुढच्या कित्येकांनी आपली रचना त्याच्या नावावर अर्पण केली असावी. एकीकडे परक्याचे काम आपल्या नावावर घेणारे, तर दुसरीकडे आपले काम थोराच्या नावावर ठेवणारे. माणसाच्या मनात दोन्ही वसतात.

या मासिकाचे बहुतेक वाचक माझ्यासारखेच कचेरीतले आहेत. त्यांना एक विचारतो. आपण लिहिलेला मसुदा वरिष्ठांच्या सहीने बाहेर जातो, तेव्हा आपणांस चोरी झाल्यासारखे वाटते का? वाटत नाही. कारण टिपणाच्या बाजूला आपली आद्याक्षरे राहतात. कागदी नस्ती जाऊन संगणकावर आली, तरी ते हिरवे पान आणि त्यावरची आपली नोंद कायम आहे. जगाला ती दिसत नाही. परंतु जो नस्ती उघडील त्याला कळेल की हे प्रथम कोणी लिहिले. आपल्याला सही नको असते, नोंद हवी असते. बंदिशकारालाही याहून अधिक काही नको आहे.

कोणी म्हणेल, हा सूक्ष्म अहंकारच. निष्काम वृत्तीने द्यावे आणि विसरावे. उपदेश खरा आहे, पण तो ज्याने त्याने स्वतःलाच करावा. दुसऱ्याची वस्तू नाव पुसून घ्यावयाची आणि मग त्यालाच वैराग्य शिकवावयाचे, याला अध्यात्म म्हणत नाहीत.

अखेर मी त्या गायकाची गाठ घेतली. तो खजील झाला. त्याला ती बंदिश एका विद्यार्थ्याकडून मिळाली होती, त्या विद्यार्थ्याला आणखी कोणाकडून. कर्त्याचे नाव कोणीच सांगितले नव्हते. मग त्याने मला साधेच विचारले, ‘आपण म्हटलीत तेव्हा आपली म्हणून सांगितले होते का?’ मी निरुत्तर झालो. त्या दिवशी गच्चीवर फोन समोर असताना, हसे होईल या संकोचाने, मी एवढेच म्हणालो होतो की ‘एक चीज ऐकवतो.’ नाव पुसणारा पहिला हात माझाच होता.

आता मी पुन्हा गातो. आरंभी सांगतो की ही रचना माझी, आणि अंतऱ्याची चढण माझ्या गुरुजींची. मागेल त्याला लिहूनही देतो. समेची फुली, खालीचे शून्य, सारे जागच्या जागी घालून. ती वही आमच्याजवळ आहे. एखादा रविवार तिच्यावर घालवतो. परवा त्यातल्या एका चिजेची सम सापडल्यासारखी वाटली. खात्री झाली की त्या मुलीला बोलावणार आहोत. गाण्यापूर्वी तिच्या वडिलांचे नाव घेणार आहोत.