सगळ्यांचा एक फोटो

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहिले आणि मराठवाडा, खानदेश, कोकणातली माणसं कामासाठी येऊन चाळींतून राहू लागली. आकुर्डीत एका फोटोग्राफरनं त्यांच्यासाठी छोटा स्टुडिओ थाटला.

स्टुडिओत काश्मीरच्या तळ्याचा रंगवलेला पडदा होता. आरशाजवळ कंगवा आणि पावडरचा डबा असे, खुंटीला एक कोट. ज्याच्याकडे कोट नसे, तो हा घाली. फोटो गावी आईवडिलांकडे जाई. एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून फोटोग्राफर कुणाला हलू देत नसे. “खांदे सरळ. हनुवटी जरा वर. इकडे बघा.” सगळे श्वास रोखत आणि फोटो निघे.

वर्षं गेली. कारखाने चाकणपर्यंत पोचले. रोलचा कॅमेरा जाऊन डिजिटल आला. फोटोग्राफरची सवय मात्र बारा फोटोंचीच राहिली.

एक दिवस एक बाई आली. ती एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे करून द्यायची. “दादा, घरातल्या सगळ्यांचा एक फोटो हवाय.”

“रविवारी या की, वहिनी.”

“मुलगा चाकणला आहे, त्याची सुट्टी रविवारी. ह्यांची गुरुवारी. त्यातून मुलाला रात्रपाळी. एकत्र यायचं कसं?”

विजेचा भार विभागला जावा म्हणून इथल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असे. फोटोग्राफर थोडा विचारात पडला. मग म्हणाला, “घरी सगळे असता कधी?”

“सकाळी आठच्या सुमाराला. पाव तास.”

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या घरी गेला. तिघांना ओळीत बसवलं आणि फोटो काढला. बाईनं तो पाहिला. “चांगला आलाय,” ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “पण दादा, असे आम्ही कधी बसतच नाही.”

फोटोग्राफर पुन्हा गेला. या वेळी तो मोरीजवळच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. तव्यावर पोळी होती. ओट्यावर डबे मांडलेले होते. मुलगा कंपनीच्या बसमधून उतरून आला, त्यानं पिशवी टेकवली आणि वडिलांचा डबा उचलून त्यांच्या हातात दिला. वडील बूट घालून दारात उभे होते. जाता जाता त्यांनी मुलाच्या केसांवरून हात फिरवला. पोळी उलटता उलटता बाईनं मान वळवून दोघांकडे पाहिलं.

फोटो निघाला. कुणाचंच कॅमेऱ्याकडे लक्ष नव्हतं. बाईचा अर्धा चेहरा वाफेत होता. फोटोग्राफरनं तो भीत भीतच दाखवला. बाई बराच वेळ बघत राहिली. “ह्यात आमचं घर आलं,” ती म्हणाली. तोच फोटो तिनं गावी पाठवला.

त्यानंतर फोटोग्राफर स्टुडिओ उघडण्याआधी बाहेर पडू लागला. उजाडायच्या आत तो कंपनीच्या बसथांब्यावर उभा राही. कारखान्यात कॅमेरा नेता येत नसे, म्हणून पाळी सुटताना तो गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी थांबे. चाकणच्या कांदा बाजारात तो हमालांबरोबर बसे. तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला आली, की कामाच्या कपड्यांतच दर्शनाला आलेल्या माणसांचे फोटो काढी. कुणी नको म्हटलं, तर तो कॅमेरा खाली घेई. फोटो झाला, की पहिली प्रत ज्याची त्याला देई.

स्टुडिओ त्यानं बंद केला नाही. कोटही खुंटीलाच राहिला. आपण कसं दिसावं याविषयीची माणसाची इच्छाही खरीच असते, हे त्याला ठाऊक होतं.

मुंबईत छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रं काढली, तीही त्यांच्या कामाच्या जागी आणि त्यांच्या घरांत जाऊन. या वाटेला लागणाऱ्या प्रत्येकाला आधी आपली जागा सोडून दुसऱ्याच्या दारी जावं लागतं. माणूस आपल्या सोयीनं आला, तर आपण त्याला बसवू तसा दिसतो. आपण त्याच्या वेळेला गेलो आणि गप्प उभे राहिलो, तर तो आहे तसा दिसतो. हे फोटोला जेवढं लागू आहे, तेवढंच आपल्या घरातल्या माणसांनाही.