पाण्याखालचे पाय

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिरूरचा भाचा दौंड तालुक्यात भीमेकाठी मामाकडे आला. घोडनदीत पोहायला शिकलेला, अंगानं दणकट. त्याच्याआधी विहिरीची एक फेरी कुणाला पुरी करता येत नव्हती. मामाचा पोरगा त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटा, बारकुळा आणि पोहण्यात सावकाश.

मामा राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेला. पोलिसांच्या जलतरण स्पर्धांत वॉटर पोलोही असतो, तिथं तो खेळला होता. नदीत मात्र तो पोरांना उतरू देत नसे. वाळूउपशानं पात्रात खड्डे पडलेत. गुडघाभर वाटणाऱ्या पाण्यात माणूस बुडतो. त्याचं हे म्हणणं आपल्याकडच्या प्रत्येक आईबापानं मनावर घ्यावं. त्याची स्वतःची विहीर मोठी, बांधीव, चार परस पाण्याची. समोरासमोरच्या भिंतींना त्यानं खडूनं दोन चौकटी आखल्या, पोरांचे दोन संघ केले आणि रबरी चेंडू पाण्यात टाकला. वॉटर पोलोसारखाच चेंडू एका हातानं धरायचा. पायरी, कपार किंवा मोटरचा पाईप धरला की तो गडी बाहेर.

पहिल्याच डावात थोरल्यानं चेंडू पटकावला, सपासप हात मारत चौकटीपुढं पोचला आणि फेकायला हात वर केला. तसा तो नाकापर्यंत खाली गेला. पाणी प्यायला, खोकत खोकत त्यानं पाईप धरला. बाहेर! दुसऱ्या डावातही तेच झालं. धाकटा मात्र जागच्या जागी छातीपर्यंत पाण्याबाहेर उभा. आलेला चेंडू शांतपणे झेलायचा आणि मोकळ्या गड्याकडे टाकायचा.

थोरला चिडला. "मामा, मी त्याच्यापेक्षा जोरात पोहतो. माझा हातही भारी आहे."

"हात दिसतो रं. पाय कुठं आहेत तुझे?"

मामानं त्याच्या हातात वीट दिली. ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची आणि नुसत्या पायांवर तरंगायचं. गुडघे वाकवून दोन्ही पाय आळीपाळीनं गोल फिरवायचे, ताकातल्या रवीसारखे, न थांबता. थोरला दहा मोजेपर्यंत बुडाला. धाकट्यानं पन्नास मोजले. तो हे गेली दोन वर्षं रोज करत होता. वरून पाहणाऱ्याला त्यातलं काही दिसत नव्हतं, म्हणून थोरल्यालाही ते कळलं नव्हतं.

संध्याकाळी विहिरीच्या काठावर मामानं त्याला सचिन नागची गोष्ट सांगितली. १९४७ च्या दंगलीत कलकत्त्यात या पोहणाऱ्याच्या पायात गोळी लागली. तरीही पुढच्या वर्षी तो लंडन ऑलिम्पिकला गेला, आणि भारताच्या वॉटर पोलो संघानं चिलीला ७–४ असं हरवलं. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिली आशियाई स्पर्धा झाली. १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये नाग पहिला आला, आणि वॉटर पोलोचं सुवर्णही भारतानंच जिंकलं.

"म्हणजे आपण आशियात एक नंबर!" थोरला म्हणाला.

"होतो. पण संघ दोनच होते, आपला आणि सिंगापूरचा. सामना ६–४ असा जिंकला. सुवर्ण खरंच आहे, त्याचा मला अभिमान आहे. पुढं १९७० ला बँकॉकमध्ये जपान पहिला आला, आपल्याला रौप्य. १९८२ ला दिल्लीतच चीन पहिला, जपान दुसरा, आपल्याला कांस्य."

"मग आपण मागं का पडलो?"

"माझं मत सांगतो. दुसरे देश वर्षभर पाय मारत राहिले, आपण पदक मोजत बसलो. कझाकिस्तानला महासागराचा किनारा नाही, तरी १९९४ पासून बहुतेक आशियाई सुवर्णपदकं त्यानंच नेली."

थोरला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो वीट घेऊन पाण्यात उतरला. त्यानंतर रोज उतरला. मांड्या भरून यायच्या, जिना चढताना पाय थरथरायचे. मामा काठावर बसून मोजायचा आणि कौतुक बेतानंच करायचा. पोरांना शिकवताना असंच वागावं असं मला वाटतं.

सुट्टी संपत आली तेव्हा शेवटचा सामना झाला. थोरला चेंडू घेऊन चौकटीपुढं आला, हात वर केला आणि या वेळी छाती पाण्याबाहेर राहिली. समोरचे दोघं त्याच्यावर धावले. त्यानं घाई केली नाही. डावीकडं धाकटा मोकळा दिसला, चेंडू त्याच्याकडं गेला आणि गोल झाला.

शिरूरला परतल्यावर त्यानं गावातल्या पोरांना गोळा केलं. चेंडू मागणाऱ्या प्रत्येकाला आधी वीट डोक्यावर धरायला लावली. त्यातली निम्मी पोरं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. जी आली, ती अजून येतात. पाय मारायला कारणही आहे: भारताच्या पुरुष संघाला आशियाई स्पर्धेत वॉटर पोलोचं पदक १९८२ नंतर मिळालेलं नाही.