पक्ष तोच, प्रश्न वेगळा

1967 साली गोव्याच्या मतदारांनी जेमतेम अडीच महिन्यांत दोनदा मतदान केलं. 16 जानेवारीला जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाच्या बाजूनं 1,38,170 मतं पडली, विरोधात 1,72,191. मग 28 मार्चला विधानसभेची निवडणूक आली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला तीसपैकी सोळा जागा मिळाल्या. या पक्षाचा जन्मच मुळी विलीनीकरणासाठी झालेला, नावातच महाराष्ट्र. ज्या मागणीसाठी पक्ष काढला ती मागणी मतदारांनी फेटाळली आणि पक्षाला मात्र पुन्हा सत्तेवर बसवलं. भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले.

हा निकाल पुष्कळदा गोंयकाराच्या विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला तो मतदाराच्या शहाणपणाचा नमुना वाटतो, आणि त्यातला थोडा वाटा मडगावातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचा आहे असंही वाटतं. स्थानिक पत्रं राजकारण घडवतात असं आपण सहज म्हणतो. पण म्हणजे नेमकं काय करतात? कुणाला निवडून आणतात, कुणाला पाडतात, हा अर्थ आमदारांना आणि मालकांना आवडणारा आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. स्थानिक लेखणी मतदाराचा पक्ष क्वचितच बदलते. एखादा प्रश्न पक्षाच्या गाठोड्यातून सोडवून सुटा करून मतदारासमोर ठेवणं, हे काम ती करू शकते. आणि ते काम बाहेरचा कुणी करू शकत नाही.

गोव्यात हे कसं घडलं ते पाहण्यासारखं आहे. डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीज सत्तेपासून मुक्ती झाली. पुढच्याच वर्षी चौगुले उद्योगसमूहाचं 'गोमन्तक' सुरू झालं आणि ते विलीनीकरणाचं मोठं व्यासपीठ बनलं. 1963 च्या पहिल्या निवडणुकीत मगो पक्ष सत्तेवर आला, जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स विरोधात बसला, आणि काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. चित्र सरळ दिसत होतं: बहुजन हिंदू म्हणजे मगो म्हणजे विलीनीकरण, ख्रिस्ती आणि मोठे भाटकार (जमीनदार) म्हणजे विरोध. हे समीकरण असंच राहिलं असतं तर कौलाचा निकाल मतदान होण्याआधीच लागला असता. ख्रिस्ती मतदार एकगठ्ठा विरोधात गेला असं धरलं तरी त्यांची संख्या लोकसंख्येच्या चाळीस टक्क्यांच्या आतच होती.

विरोधकांना हिंदू मतदारापर्यंत पोचायचं होतं, आणि तो वाचत होता मराठी. कीर्तन मराठीत, जत्रेतलं नाटक मराठीत, शाळा मराठी, देवळातली आरतीही मराठीत. म्हणून चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालचं 'राष्ट्रमत' मडगावातून मराठीत निघालं. कोकणीच्या अस्मितेसाठी लढणाऱ्या माणसांनी महाराष्ट्रात न जाण्याचं कारण मराठीतून सांगितलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. निव्वळ अस्मितेचं राजकारण करायचं असतं तर त्यांनी कोकणीच वापरली असती. मग आधीच पटलेल्यांनी ती वाचून टाळ्या वाजवल्या असत्या. ख्रिस्ती वाचकांसाठी रोमी लिपीत 'सोत' होतं. दोन वाचकवर्ग, दोन लिप्या, प्रश्न एक.

'राष्ट्रमत'मधलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्या काळात घराघरांत वाचलं जाई. त्याची आग आज सगळे आठवतात. मला आगीपेक्षा त्या काळच्या प्रचारातले साधे, पोटाचे मुद्दे महत्त्वाचे वाटतात. महाराष्ट्रात दारूबंदी होती. गोवा तिकडे गेला तर माडी काढायला माडावर चढणाऱ्या रेंदेरांचं काय होणार? पणजीचं सरकार जाऊन लांब मुंबईत फायली फिरू लागल्या तर गोव्याची किंमत एका जिल्ह्याएवढी उरणार नाही काय? महाराष्ट्रातून डेप्युटेशनवर आलेले अधिकारी आधीच वरच्या खुर्च्यांवर बसलेत, उद्या कारकुनाची जागा तरी गोंयकाराला मिळेल काय? यातल्या एकाही प्रश्नासाठी बांदोडकरांचा द्वेष करण्याची गरज नव्हती. बांदोडकरांनी खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढल्या होत्या, 1964 चा कूळ कायदा आणला होता. बहुजन समाज त्यांच्यावर जीव टाकत होता आणि त्यात काही गैर नव्हतं. प्रचाराचा सूर असा होता की भाऊंना ठेवायचं तर ठेवा, पण गोवा घालवू नका. जानेवारीत बऱ्याच मतदारांनी दुसरी गोष्ट ऐकली, मार्चमध्ये पहिली पाळली.

सगळं श्रेय एका दैनिकाला देणं मात्र भाबडेपणा होईल. हा निर्णय विधानसभेतल्या ठरावानं न होता थेट लोकांनी करावा यासाठी गोव्यातले काँग्रेसचे नेते पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत खटपट करत होते. सिक्वेरांची संघटना होती. मनोहरराय सरदेसाय यांच्या कविता होत्या, उल्हास बुयांव यांची गाणी गावोगाव फिरत होती. आणि विलीनीकरणवाद्यांचा आक्षेपही सगळाच खोटा नव्हता: विरोधकांच्या मागे भाटकारांचे हितसंबंध होते, कूळ कायद्यानं दुखावलेली माणसं होती. तरीसुद्धा रेंदेराचा प्रश्न हा भाटकाराचा डाव म्हणून उडवून लावता आला नाही, कारण तो रेंदेराचाच प्रश्न होता.

पण असा प्रश्न मांडण्याआधी ऐकणारा समाज जमलेला असावा लागतो. तो एका निवडणुकीच्या तोंडावर जमत नाही. याचं आपल्याकडचं सर्वांत चिवट उदाहरण म्हणजे 'दीनमित्र'. मुकुंदराव पाटलांनी 1910 मध्ये हे साप्ताहिक सुरू केलं आणि नगर जिल्ह्यातल्या, आजच्या अहिल्यानगरच्या, नेवासे तालुक्यात तरवडीसारख्या खेड्यातून ते 1967 पर्यंत चालवलं. योगायोग असा की ज्या वर्षी मडगावच्या दैनिकानं कौल फिरवायला हातभार लावला, त्याच वर्षी तरवडीचं साप्ताहिक थांबलं. मुकुंदराव हे 'दीनबंधु'कार कृष्णराव भालेकरांचे पुत्र. सत्यशोधकी वारसा घरचाच. पुण्या-मुंबईत छापखाना काढणं सोपं होतं. त्यांनी तो खेड्यात नेला. सावकाराचं व्याज, भटजीची दक्षिणा, कुणब्याच्या पोराची शाळा या गोष्टी ज्यांच्या अंगावर रोज येत होत्या त्यांच्या शेजारी बसून त्यांनी लिहिलं. 1920 साली नव्या सुधारणांनुसार मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली आणि त्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. ब्राह्मणेतर पक्ष त्या सुमारास आकाराला आला. तोवर 'दीनमित्र' दहा वर्षं निघत होतं. राजकारण आलं तेव्हा वाचक तयार होता. उलटा क्रम लावला तर काय होतं ते आपण निवडणुकीपुरत्या उगवणाऱ्या आणि निकालानंतर कोमेजणाऱ्या दैनिकांत पाहतोच.

'मार्मिक'ची कथा याच कामाची दुसरी बाजू दाखवते. ऑगस्ट 1960 मध्ये बाळासाहेब ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत यांनी व्यंगचित्रांचं हे साप्ताहिक काढलं. मुंबईतल्या कचेऱ्यांत मराठी माणसाला नोकरी का मिळत नाही हा प्रश्न खरा होता, कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात धड नव्हता, आणि तो सुटा करून मांडण्याचं काम 'मार्मिक'नं केलं. पण मांडायची रीत कोणती? कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापायची. आधी 'वाचा आणि थंड बसा', पुढे 'वाचा आणि उठा'. यादी वाचताना जमणारा समाज आपण कोण आहोत यापेक्षा समोर कोण आहे यावर जमतो. 19 जून 1966 ला शिवसेना स्थापन झाली आणि साप्ताहिकाचा प्रश्न पक्षाचा झाला. 1988 मध्ये 'सामना' आला तोवर उलटा प्रवास पूर्ण झाला होता: आता पक्षाची भूमिका काय ते पत्रातून कळू लागलं. मुखपत्राला मी कमी लेखत नाही, त्याची गरज असते. पण प्रश्न आणि पक्ष यांची गाठ सोडवणं हे काम मुखपत्राला जमणं शक्य नाही. ती गाठ घट्ट करण्यासाठीच ते निघतं.

आजच्या महाराष्ट्रात ही गाठ सोडवणारी माणसं उरली आहेत का? आहेत. राजापूर तालुक्यातलं रिफायनरीचं प्रकरण घ्या. आधी नाणार गावच्या जागेला विरोध म्हणून शिवसेना रस्त्यावर उतरली, 2019 मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं. जानेवारी 2022 मध्ये त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. मे 2023 मध्ये तेच नेते, सत्ता गेल्यावर, बारसूच्या आंदोलकांना भेटायला गेले. पक्षाचं बोट धरून चालणाऱ्या वाचकाला या वळणांत काय कळणार? जमीन कुणाची, ती आधीच कुणी विकत घेऊन ठेवली, सातबाऱ्यावर नाव कुणाचं चढलं, हे गावातला पत्रकारच सांगू शकतो. शशिकांत वारिशे ते 'महानगरी टाइम्स'मधून सांगत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला रिफायनरीच्या एका समर्थकाबद्दलची त्यांची बातमी छापून आली, आणि त्याच दिवशी राजापुरात त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बातमी ज्याच्याबद्दल होती त्यालाच पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली अटक केली. पत्रकार संरक्षण कायदा विधिमंडळानं 2017 मध्येच मंजूर केलेला होता. तो कागदावर आहे. तालुक्यातला पत्रकार मात्र त्याच रस्त्यावरून घरी जातो ज्या रस्त्यावर बातमीतला माणूस राहतो. मुंबईत बसून सरकारवर तुटून पडणं आणि हे, यात फरक आहे. बाहेरच्या पत्रकाराला जे कळत नाही ते याला कळतं ते याच जवळिकीमुळे, आणि त्याची किंमतही तीच वसूल करते.

अशी माणसं कमी का, याचं एक कारण भीती आहे, पण मोठं कारण हिशेबाचं आहे. तालुक्याचं साप्ताहिक कशावर चालतं? शासनमान्य यादीवर नाव असलं तर दर्शनी जाहिराती, जाहीर नोटिसा, दिवाळी अंक, आणि सगळ्यांत मोठी कमाई म्हणजे नेत्याचा वाढदिवस. आमदारांचा, त्यांच्या चिरंजीवांचा, कारखान्याच्या चेअरमनांचा. चार पानांचं साप्ताहिक त्या आठवड्यात सोळा पानांचं होतं. आता हेच मोबाइलवर आलं आहे: गावोगावच्या यूट्यूब वाहिन्या, व्हॉट्सॲपवर फिरणारी बातमीपत्रं, आणि त्यांवर तेच शुभेच्छुक. साधन बदललं, पैसे देणारा तोच राहिला. संपादकाला दोष देणं सोपं आहे. पण वर्गणी मागायला गेल्यावर आपण त्याला काय उत्तर देतो? 'अंक येतोच की हातात कुठून तरी.' वाचकानं न भरलेली ती रक्कम कुणीतरी भरतंच, आणि भरणारा मागाहून वसूल करतो.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावातून किंवा तालुक्यातून निघणाऱ्या एखाद्या तरी पत्राची वार्षिक वर्गणी स्वतःहून भरा. मग गेल्या सहा महिन्यांचे अंक काढून बघा: घरपट्टी, पाण्याची वेळ, गायरान, वाळूचा उपसा, प्राथमिक शाळेतली रिकामी पदं यांवर त्यात काय आलं, आणि जे आलं ते कुणाच्या तरी पक्षाचं नाव न घेता आलं का. आलं नसेल तर संपादकाला गाठून विचारा. दिल्लीतल्या संपादकाला विचारता येत नाही; हा तर बाजारात भेटतो.