बाबासूट आणि जाळीचा फ्रॉक

मराठवाड्यात जन्मलेल्या लेकराच्या अंगाला आधी नवं कापड लावत नसत. आजोबांचं विरलेलं धोतर, आजीचं मऊ पडलेलं लुगडं फाडून त्याची दुपटी अन् लंगोट व्हायचे. नवं झबलं, टोपडं, कुंची आजोळाहून यायची ती बारशाला. करदोडा आणि वाळे मुलगा-मुलगी दोघांनाही. पाळण्यात मुलगा आहे की मुलगी, हे विचारावं लागे. कपडा सांगायचा ते वय. मुलींच्या बाबतीत मात्र पोलकं-परकर सुटून लुगडं आलं की लग्न झालं एवढं समजायचं, मग ती दहा वर्षांची का असेना.

जावळ निघेपर्यंत तर मुलगा सर्रास मुलगी व्हायचा. माहूरच्या देवीला किंवा माळेगावच्या खंडोबाला जायचं लांबलं की केस वाढत. मग त्याच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, बहिणीचा फ्रॉक, डोळ्यांत काजळ, आणि त्याच थाटात स्टुडिओत काढलेला फोटो. नांदेड-लातूरकडच्या किती तरी घरांत असा फोटो सापडेल. त्यातलं फ्रॉकमधलं लेकरू म्हणजे पुढे भरघोस मिशा राखणारे काका. त्यांच्या पुरुषपणाला त्या फ्रॉकनं काही धक्का लागला नाही. नांदेडात तर गुरुद्वाऱ्याच्या परिसरात जुडा बांधलेली शीख मुलं रोज शाळेला जातात. लांब केस म्हणजे मुलगी, हा हिशेब त्या रस्त्यावर कधीच चालला नाही.

पण म्हणून जुनी माणसं मोठी उदार होती, असं मी म्हणणार नाही. फ्रॉकमागे कौतुक होतं तशी भीतीही होती. आधीची लेकरं दगावलेली असत, हा मुलगा नवसाचा. त्याला दृष्ट लागू नये म्हणून नाक टोचायचं, दगडू-धोंडू नाव ठेवायचं, मुलीचे कपडे घालायचे. मुलगी आहे असं भासवलं की तिच्याकडे कोण कशाला बघतंय! मुलीला मुलाचे कपडे घालून दृष्टीपासून वाचवल्याचं मात्र मी कुठं ऐकलं नाही. तिला लपवण्याची गरजच कुणाला वाटली नसावी.

मुलींना गुलाबी आणि मुलांना निळा ही वाटणी तर अगदी अलीकडची, आणि तीही परक्या बाजारातली. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट 1884 च्या फोटोत अडीच वर्षांचे आहेत, लांब केस राखलेले आणि पांढरा घागरा घातलेले. 1918 साली तिथल्या एका व्यापारी मासिकानं गुलाबी हा जोरकस रंग म्हणून मुलांना आणि निळा मुलींना सुचवला होता. पुढे ते उलटलं, आणि सोनोग्राफी आल्यावर जन्माआधीच खरेदी सुरू झाली. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला राज्यात 1988 च्या आणि देशात 1994 च्या कायद्यानं बंदी आली, त्यामुळे दुकानदाराला बाळंतपणापर्यंत थांबावं लागतं, एवढाच काय तो फरक.

शिंपी कपडे शिवायचा तेव्हा दिवाळीला एकाच ताग्यातून भावाचा शर्ट आणि बहिणीचा फ्रॉक निघायचा. कपडा तोकडा झाला की धाकट्या भावंडाला, मग ते मुलगा असो की मुलगी. आज लातूरच्या गंजगोलाईत लेकरासाठी कपडे मागा, पहिला प्रश्न ‘मुलगा का मुलगी?’. किती महिन्यांचं, हे नंतर. मुलासाठी बाबासूट, मुलीसाठी फ्रॉक. बहिणीचा गुलाबी स्वेटर आता भावाला चालत नाही. कपड्यांचा खर्च वाढला, दुकानाचा गल्लाही.

मुलींचा लग्नसराईतला फ्रॉक एकदा हातात घेऊन बघा. आत फुगवायला कडक जाळी, काखेत टोचणारी जर, पाठीवर गळ्यापर्यंत चेन, आणि खिसा एकही नाही. मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत दोन वर्षांची पोर तो घालून मांडवात बसते. शेजारी तिचा भाऊ सुती कुर्त्यात पंगतीतून पळत असतो. मग मोठी माणसं म्हणतात, पोरगी कशी शांत आहे!

यावर उतारा म्हणून आता दुसरी तऱ्हा आली आहे. लेकीला जीन्स-शर्ट, बॉयकट, आणि वर अभिमानानं, ‘आम्ही हिला मुलासारखं वाढवलंय.’ पँटीत तिला पळता येतं, झाडावर चढता येतं, हे चांगलंच झालं. पण ‘आम्ही याला मुलीसारखं वाढवलं’ असं सांगणारा बाप मला अजून भेटायचा आहे. आधी दृष्टीला चकवायला मुलगा मुलगी व्हायचा, आता किंमत वाढावी म्हणून मुलगी मुलगा होते. दोन्ही वेळा भाव मुलाचाच. शाळेतही वाटणी कायम राहिली: राज्य सरकारनं 2024 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला तेव्हाही रंग एक झाला, पण बहुतेक मुलींना फ्रॉक-स्कर्ट आणि मुलांना पँट हे ठरलेलंच होतं.

मुलींचे कपडे तरी थोडेफार सैल झाले. मुलांच्या वाट्याला तेही नाही. संक्रांतीला आईसोबत बाजारात गेलेलं चार वर्षांचं पोरगं बांगड्या मागतं, आणि चारचौघांत ‘तू काय पोरगी आहेस का?’ ऐकून गप्प होतं. पणजीनं त्याच वयाच्या पोराला रिबिनी बांधून स्टुडिओत नेलं होतं. मागितल्या तर घाला त्याला दोन बांगड्या. खेळून झालं की तो आपणच काढून ठेवतो.